हेस्टर गार्बटचा मंगळवार

केल्डवर्थचा बाजार मंगळवारी भरतो, चौकातल्या आठखांबी दगडी छपराखाली आणि त्याच्या आजूबाजूला. राजानं सनद दिल्यापासून सातशे वर्षांत तो एकदाही चुकला नाही आणि एकदा जरी चुकला तरी गावाचा हक्क गेला, हे आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात.

१९६३ च्या जानेवारीत मी नगर कचेरीत कारकून होतो. ख्रिसमसपासून पडणारा बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. रस्ते बंद, नदी गोठलेली. एकविसाव्या तारखेला, सोमवारी, साहेबांनी उद्याचा बाजार रद्द केल्याची नोटीस माझ्याकडून लिहून घेतली. ती मी दाराला लावतो न लावतो तोच अँब्रोज थर्कल आला. बाजाराचा राखणदार तो. सकाळी नऊला हातघंटा वाजवून बाजार उघडणं हे त्याचं काम, त्याच्या आधी त्याच्या बापाचं.

"प्लेगच्या सालीसुद्धा भरला होता," तो म्हणाला. "वेशीवरच्या दगडापाशी बायका चीज ठेवून लांब उभ्या राहायच्या. तेव्हा माणसं मरत होती, आणि तुमच्या साहेबांना पाय घसरायची भीती!"

"मिस्टर थर्कल, येणार कोण?"

"ते मी बघतो. तू लॅटिन शिकलायस ना? मग सनद काढ आणि किती विकणारे लागतात ते सांग. एक पुरतो का दोन?"

दुपारी मी पेटीतून ती लॅटिनमधली सनद काढली. दोनदा वाचली, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. बाजार मंगळवारी भरवावा, एवढंच होतं. चुकला तर हक्क जाईल, असं एक अक्षर नव्हतं. अँब्रोजला हे सांगायला त्याच्या घरापर्यंत गेलोही. खिडकीतून दिसलं, म्हातारा टेबलाशी बसून घंटेचं पितळ घासत होता. मी दार न ठोठावता परत फिरलो. म्हटलं, उद्या सांगू.

मंगळवारी नऊला चौकात तो, मी आणि गुडघाभर बर्फ. त्यानं घंटा वाजवली. काही खिडक्यांचे पडदे हलले. कोणी बाहेर आलं नाही. मी तोंड उघडणार, इतक्यात तो म्हणाला, "ती बघ."

पुलाच्या बाजूनं कोणीतरी घसरगाडी ओढत येत होतं. चार-पाच पावलं, मग थांबणं. पुन्हा चार-पाच पावलं. हेस्टर गार्बट होती, डोंगरावरच्या शेतावरची, साठी उलटलेली. चार मैल चालून आली होती. गाडीवर गोधडीखाली चीजचे दोन मोठे गोळे आणि टोपलीभर अंडी.

"अंडी तडकली असतील सगळी," अँब्रोज म्हणाला.

"तुझ्या तोंडाइतकी नाहीत," हेस्टर म्हणाली आणि खांबाला टेकून मटकन खाली बसली.

मग मात्र दारं उघडली. पाववाला कढत चहा घेऊन आला, शाळेच्या बाईंनी शाल आणली. अर्ध्या तासात चीज संपलं, तडकलेली अंडीही गेली. अँब्रोज ज्याला त्याला सांगत सुटला, "बाईनं हक्क वाचवला!" मी गप्प राहिलो.

हेस्टरच्या डाव्या पायाची दोन बोटं मात्र काळी पडली होती. ती कापावी लागली.

सनदेतलं खरं मी सोमवारीच सांगितलं असतं तर, हे दहा वर्षं माझ्या मनात सलत राहिलं. अँब्रोज तोवर गेला होता, त्याला कधीच कळलं नाही. मग कचेरीनं ठरवलं, त्या खांबावर हेस्टरच्या नावाची पाटी लावायची. आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडेच आलं. आता गप्प बसून भागणार नव्हतं. मी तिच्याकडे गेलो. शेत सोडून ती चौकातच एका खोलीत राहत होती. मी सगळं सांगून टाकलं.

ती खोकला येईपर्यंत हसली. "सनद? अरे पोरा, मला ती सनद काळी का गोरी ठाऊक नव्हती. नोव्हेंबरात नवरा गेला, माझा टॉम. मग बर्फानं वाट अडवली. अकरा दिवस माझा आवाज मी ऐकला नव्हता. गायीशी बोलावं, तर तीही तोंड फिरवायची. मंगळवार उजाडला, म्हटलं, खाली माणसं असतील."

"पण तुमची बोटं..."

"बोटं माझी होती. तुझ्या लॅटिननं ती वाचली असती होय?"

तिनं चहा ओतला, मला साखर किती ते विचारलंही नाही.

"मग पाटीवर काय लिहू?"

"लिही की थंडी होती. आणि चीज चांगलं होतं."

साहेबांना हक्काची गोष्ट हवी होती. मी आठवडाभर वाद घातला, आयुष्यात पहिल्यांदाच. शेवटी पाटीवर एवढंच आलं: 'मंगळवार, २२ जानेवारी १९६३. हेस्टर गार्बट डोंगरावरून चालत आल्या आणि बाजार भरला.' पाटी लावली तेव्हा ती गर्दीत उभी होती, काठी टेकून. वाचून झाल्यावर म्हणाली, "चीजचं गाळलंस ते गाळलंसच," आणि शेजारणीशी बोलत पाववाल्याच्या दुकानाकडे निघून गेली.