मागचा पसारा

बिरूने पुढे होऊन स्कूटीची चावी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

“आता बोला बाई,” तो म्हणाला. “कुणी धाडलं तुमाला?”

रूपाने हेल्मेट काढून आरशाला अडकवले. तिला आधी वाटले, म्हातारा थट्टा करतोय. पण मेंढरांच्या जाळीच्या वाड्यापाशी त्याचा जावई शिवशंकर हाताची घडी घालून उभा होता. मुलगी दिपाली तान्ह्या लेकराला खांद्यावर घेऊन पालाच्या तोंडाशी आली होती, आणि तिनेही नेहमीसारखे ‘या ताई’ म्हटले नव्हते.

“कोण धाडणार? दर रविवारी येते तशीच आले.”

“तेच म्हणतो मी. तुमी यायला लागल्यापासनं दोन मेंढ्या गेल्या. दोन्ही आयतवारीच. तुमी फोटू काढायच्या, आमी सगळे तुमच्या तोंडाकडं बघत उभं. अन् मागनं मेंढी जायची.”

रूपा साळवे शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने जुना कॅमेरा विकत घेतला आणि शनिवारच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातले. बिडकीनच्या अलीकडे, कारखान्यांसाठी घेऊन ठेवलेल्या मोकळ्या जमिनीवर तिला हा वाडा दिसला होता. सकाळच्या तिरप्या उन्हात मेंढरांच्या पाठीवरची लोकर कडेने पेटल्यासारखी दिसायची. त्या उजेडासाठी ती पाच रविवार येत होती. पहिल्याच दिवशी बिरूने तिचे आडनाव विचारले होते. तिने सांगितल्यावर त्याने नुसती मान हलवली होती. ती मान हलवणे तिच्या लक्षात राहिले होते.

“तुम्हाला काय वाटतं बाबा, मी स्कूटीवर मेंढी नेली?”

“तुमी कशाला? तुमचं माणूस असंल मागं.”

“कॅमेराच ठिवून घ्या मामा,” शिवशंकर म्हणाला. “मग बोलतील आपसूक.”

रूपाने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला. तिने कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे धरला.

“ठेवून कशाला घ्यायचा? सगळे फोटो यातच आहेत. पहिल्या दिवसापासूनचे. बघा.”

फोटो जागेवर पुसायचे नाहीत, फसलेलेच जास्त शिकवतात, असे वर्गात अभयसरांनी सांगितले होते. म्हणून तिने एकही पुसला नव्हता. बिरूला जवळचे दिसत नव्हते. त्याने दिपालीला हाक मारली.

दिपालीने लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि कॅमेऱ्यावर ओणवी झाली. रूपा बटण दाबत गेली. हललेली मेंढरे, चौकटीत शिंगे कापली गेलेला एडका, नुसते आभाळ. मग काठी टेकून उभा असलेला बिरू. दिपाली म्हणाली, “थांबा.”

रूपा थांबली. दिपाली बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. लेकराने तिचे मंगळसूत्र तोंडात घातले होते, ते तिने सोडवले नाही.

“काय दिसलं गं?” बिरूने विचारले.

“काय नाय. तुमीच हाव यात, आबा.” आणि रूपाकडे न बघता ती म्हणाली, “पुढं घ्या.”

उरलेले फोटो तिने भराभर पाहिले. शेवटी बिरूने चावी रूपाच्या हातावर ठेवली.

“परत इकडं येऊ नका,” तो म्हणाला. “माझं मन साफ नाय तुमच्याबद्दल. तोंडावर सांगतो.”

उस्मानपुऱ्यातल्या घरी पोहोचल्यावर तिने चहासुद्धा टाकला नाही. तो फोटो लॅपटॉपवर उघडला. दुसऱ्या रविवारचा, पहिली मेंढी गेली त्या दिवशीचा होता. अभयसरांनी वर्गात सगळ्यांसमोर त्याची चिरफाड केली होती. “मागचा पसारा बघा मॅडम. माणूस हरवलाय त्यात. मागचं पुसट करायला शिका.” खरेच, सगळेच तितकेच स्वच्छ आले होते. बिरू, त्याच्यामागे जाळी, त्याच्यामागे बाभूळ, त्याच्यामागे रस्ता.

तिने फोटो मोठा केला. बाभळीआड एक पांढरा टेम्पो उभा होता. एक माणूस मेंढीला पोटाखाली धरून टेम्पोत चढवत होता. त्याची अर्धी बाजू दिसत होती. पिवळा शर्ट, बाहीवर काळी पट्टी. आज सकाळी कॅमेरा ठेवून घ्या म्हणणाऱ्याच्या अंगात तोच होता.

चौथ्या रविवारी दुसरी मेंढी गेली होती. त्या दिवशीचेही फोटो तिने उघडले. तोवर ती शिकली होती. बिरूच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती आणि मागे सगळे दुधात विरघळल्यासारखे होते. त्या दुधात एक पिवळा ठिपका होता. तो शर्ट असू शकत होता, फूलही असू शकत होते.

दिपालीचा नंबर तिच्याकडे होता. तिने तो दोनदा काढला आणि फोन पालथा ठेवला.

बुधवारी संध्याकाळी दिपालीच पत्ता विचारत दारात आली, लेकराला कडेवर घेऊन. रूपाने तिला पाणी दिले. दिपालीने ते एका दमात संपवले आणि तांब्या खाली ठेवून विचारले, “तो फोटू कुणाला दावला?”

“कुणालाच नाही.”

“मला द्या. कागदावर.”

“फाडायला?”

दिपालीने तिच्याकडे पाहिले. “फाडायचा असता तर पुसून टाका म्हणले असते. मोबाईलात आला तर तो हातातनं घेऊन पुसंल. कागद कुठं ठिवायचा ते मला कळतं.”

रूपाने तांब्या उचलून बाजूला ठेवला. ही नवऱ्याला वाचवायला आली आहे की धरायला, याचा तिला अंदाज येत नव्हता.

“आबाला नाय सांगायचं,” दिपाली म्हणाली. “आबा त्याला त्याच दिवशी हाकलतील. मग मी अन् हे लेकरू कुठं? मी त्यालाच दावते. पुन्हा हात लावायचा नाय म्हणून.” थोडे थांबून ती म्हणाली, “अन् ताई, तुमी तिकडं येऊ नका. आबाला तुमच्यावरच वाटतंय ना, वाटू द्या. चार महिन्यांनी इसरून जातील.”

रूपा उठली. खिडकीचे दार वाऱ्याने वाजत होते, ते तिने लावले.

“मी पाचोडकडची,” ती म्हणाली. “माझ्या लहानपणी गावात कुणाचं काही हरवलं की झडती पहिली आमच्या वस्तीची व्हायची. माझ्या आजीला, गोजरबाईला, एकदा भर अंगणात धान्याची मडकी पालथी करायला लावली होती. एका लोट्यासाठी. लोटा ज्यांचा हरवला होता त्यांच्याच घरात सापडला, पण सांगायला कुणी आलं नाही.”

दिपाली लेकराच्या डोक्यावरचे टोपडे सारखे करत राहिली.

“फोटो देते मी तुला,” रूपा म्हणाली. “त्याला दाखव, नाही तर जपून ठेव. तुझा संसार आहे. पण चोरीचा आळ मी अंगावर घेणार नाही. तुझ्या आबांच्या मनातून तो काढायचा. कसा, ते तू बघ.”

“अन् नाय जमलं तर?”

“तर मी येईन आणि त्यांना दाखवीन.”

दोघी जवळच्या फोटो स्टुडिओत गेल्या. तिथे फोटो कागदावर निघाला. दिपालीने तो पिशवीत, लेकराच्या कपड्यांच्या तळाशी ठेवला आणि बसस्टँडकडे निघून गेली.

दहा-बारा दिवस काहीच झाले नाही. मग एके दुपारी लॅबमध्ये बिरूचा फोन आला.

“बाई, एक मेंढी घावली. पाचोडच्या बाजारात कुणीतरी विकाया आणली होती म्हणं. जावयानं वळखली, भांडून आणली. दुसरीचा बी माग काढतो म्हणतोय.” तो क्षणभर थांबला. “माझ्या तोंडून वंगाळ गेलं. मनात धरू नका. आयतवारी या.”

रविवारी ती गेली. वाटेत दोनदा तिला परत फिरावेसे वाटले. वाड्यापाशी पोहोचल्यावर स्कूटीची चावी तिने स्वतःच्या मुठीत ठेवली.

बिरूने तिला घोंगडीवर बसवले, स्वतः उभा राहिला. दिपालीने कपबशीत चहा आणला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. सापडलेल्या मेंढीच्या गळ्यात कुणीतरी लाल दोरा बांधला होता.

“लई गुणाचा निघाला जावई,” बिरू म्हणाला. “आमी तर आशा सोडली होती. बाई, त्याचा एक चांगला फोटू काढा. मेंढीसंगट.”

शिवशंकर नको म्हणाला. बिरूने त्याला दंडाला धरून आणले आणि मेंढीशेजारी उभे केले. त्याने नवा पांढरा शर्ट घातला होता. मेंढी अंग काढून घेऊ लागली, तेव्हा त्याने तिची मान काखेत दाबून धरली.

रूपाने कॅमेरा डोळ्याला लावला. शिवशंकर खाली, आपल्या पायांकडे बघत होता. तिने एक फोटो काढला, मग दुसरा.

“वर बघा,” ती म्हणाली.

त्याने मान जराशी हलवली, नजर तिथेच ठेवली.

“लाजतोय,” बिरू हसला.

रूपाने कॅमेरा खाली घेतला नाही. ती थांबून राहिली. तिच्या मागे, अगदी जवळ, लेकराला थोपटल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“वर बघा की,” दिपाली हळू आवाजात म्हणाली. “ताई सांगत्यात ना.”

शिवशंकरने वर पाहिले.