शब्द राहिले, सूर गेला

त्या माणसाला सगळे रेडिओ म्हणत, आणि ते काही उगीच नाही. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत. धंदा केस कापण्याचा, पण लोक केस कापायला कमी आणि ऐकायला जास्त येतात, असं त्याची बायकोच म्हणायची. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पार टक्कल पडलेला माणूस खुर्चीत बसला, तरी तो कात्री परजत इतक्या गंभीरपणे विचारायचा, "बोला साहेब, कोणती स्टाईल?" की बाकावर वाट बघणारे पोट धरून हसायचे, आणि टक्कलवाला त्यांच्याहून जास्त.

दुकानाच्या मागच्या अर्ध्यात, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे, त्याच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, फाटलेलं अस्तर लावून देणं, असली कामं ती करायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. दिवसभर नवरा तिला दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. पण तेवढ्यावर तिचं भागत असे. "या, बसा" हे दोनच शब्द तो कसे म्हणतो, यावरून तिला समजायचं की आलेला माणूस लाडका आहे की डोकं खाणारा. त्याला भूक लागली आहे, पाठ धरली आहे, लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीची आठवण येते आहे, हे सगळं तिला पार्टिशनच्या अलीकडे बसून कळायचं. त्याला कधी सांगावं लागलं नाही.

एके दिवशी सकाळी रेडिओ अचानक बंद पडला. खुर्चीत निवृत्त मास्तर होते, गालांना साबण फासून तयार. कंगवा खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शांतता. वहिनीला वाटलं, नक्कल करण्याआधी थांबतात तसे थांबले असतील. मग मास्तर ओरडले, "वहिनी, लवकर या!"

नवरा भिंतीला टेकून उभा होता. डावा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मास्तरांनी मागचापुढचा विचार केला नाही. त्याला उचलून वहिनीसकट स्वतःच्या गाडीत घातलं आणि गळ्यात टॉवेल, तोंडाला साबण, अशा अवतारात गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. दारावरच्या माणसाने मास्तरांच्या तोंडाला आलेला फेस पाहिला आणि स्ट्रेचर त्यांच्याकडेच पळवत आणलं. "अरे, मी नाही, ते!" असं म्हणत मास्तर मागे सरत होते. तशा वेळीही वहिनीला वाटलं, हे ऐकलं की आपला माणूस यावर महिनाभर नक्कल करील.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर आणलं म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. "उजवी बाजू आहे, म्हणून डावा हात गेला. तो येईल परत. बोलणं बहुतेकांचं डाव्या बाजूला असतं, त्यामुळे बोलणं वाचलं बघा."

वहिनीने हात जोडले. आणखी काय मागायचं?

हात खरंच परत आला. आधी बोटं हलली, मग कंगवा धरता येऊ लागला, आणि काही आठवड्यांनी शटर पुन्हा वर गेलं. मास्तर पहिले गिऱ्हाईक म्हणून हजर झाले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "आज तरी दाढी पूर्ण करणार ना? नाहीतर मी परत जातो बाबा."

"जाऊ नका," रेडिओ म्हणाला. "पूर्ण करतो."

बास. एवढंच. आवाज सरळ, पट्टीने आखलेल्या रेघेसारखा. मास्तर हसण्याच्या तयारीत होते, ते तसेच राहिले.

वहिनीने मनाची समजूत घातली, थकले असतील. पण दिवस जात राहिले आणि तो आवाज काही वर गेला नाही की खाली आला नाही. सकाळी तो उठायचं नाव घेईना, तेव्हा ती दारातून म्हणाली, "झोपा हो, आणखी थोडं झोपा! दुकान काय, आपोआप चालेल!" तो "बरं" म्हणाला आणि कुशीवर वळून खरंच झोपला. एकदा बँकेतला कारकून तणतणत आला, म्हणाला, "काय सांगू, आज साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्याने केली." रेडिओ शांतपणे म्हणाला, "पाण्याशिवाय करू नये. कातडी सोलवटते." बाकावरची माणसं आधी खदाखदा हसली, हा जुनाच रेडिओ म्हणून. पण त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि एकेकाचं हसू गळून पडलं. त्याने काळजीने कारकुनाच्या गालावरून बोट फिरवून पाहिलं होतं, कुठे सोललं आहे का म्हणून.

हळूहळू बाक रिकामा राहू लागला. कोणी म्हणे, आजारातून उठल्यापासून माणूस घमेंडखोर झालाय. कोणी म्हणे, मनात काहीतरी राग धरलाय. वहिनी कानावर आलेलं सगळं गिळत होती. पण लेकीचा फोन आला त्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला.

लग्नानंतर बरीच वर्षं लेकीला मूल नव्हतं. आई-बापाने तो विषय कधी तिच्यापुढे काढला नाही, एकमेकांपुढे मात्र रोज काढला. आणि त्या दुपारी तिने फोनवर रडत-हसत सांगितलं, "बाबा, तुम्ही आजोबा होणार."

"बरं," बाबा म्हणाले. "चांगली गोष्ट आहे. जपून राहा." आणि फोन बायकोच्या हातात दिला, जणू भाजीवाल्याचा असावा.

 मग लेक म्हणाली, "आई, बाबांना आनंद नाही झाला का गं?"

"झाला गं, झाला," वहिनी म्हणाली, आणि फोन ठेवून मशीनवर येऊन बसली. कुणाचा तरी कोट होता समोर. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप कोटावर पडत होतं. नवरा पार्टिशनपाशी येऊन उभा राहिला, तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दोरा संपलाय का?"

माणसाने किती दगड व्हावं? तिला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, चालायला लावलं, नाव-गाव विचारलं. सगळं खणखणीत. ते कागदावर सही करणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "डॉक्टर, माणूस बरा झाला. पण माझा नवरा अजून तुमच्याकडेच राहिलाय." आणि तिला हुंदका आवरेना.

डॉक्टरांनी सही थांबवली. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "हे मी आधीच विचारायला हवं होतं," आणि दोघांना जिन्याखालच्या एका खोलीत पाठवलं.

त्या खोलीत वाचा गेलेल्यांवर उपचार करणारी एक तरुण बाई बसायची. दवाखान्यात तिला सगळे स्पीचवाली म्हणत. तिने रेडिओला समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडासमोर एक पुठ्ठा धरला.

"काका, मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. म्हणताना मी आनंदात आहे, रागात आहे की रडवेली आहे, ते तुम्ही सांगायचं."

पुठ्ठ्याआडून ती म्हणाली, "दार उघड." असं, की वाघ मागे लागलाय. मग पुन्हा, जणू परदेशातून भाऊ आलाय. मग पुन्हा, दात-ओठ खात. वहिनीला ऐकताना अंगावर काटा आला.

"सांगा काका. काय फरक होता?"

रेडिओने कपाळाला आठ्या घातल्या. "फरक? तीनदा एकच तर बोललात."

वहिनीचा हात आपोआप तोंडावर गेला.

स्पीचवालीने पुठ्ठा खाली ठेवला आणि खुर्ची दोघांच्या जवळ ओढली. "काकू, नीट ऐका. मेंदूचे दोन भाग. दोघं मिळूनच काम करतात, भिंत घातल्यासारखी वाटणी नाही. पण कामाचा कल वेगळा. बहुतेकांच्या डाव्या भागात शब्द, व्याकरण, वाक्य कसं जुळवायचं ते. काकांचं ते शाबूत आहे. आणि बोलण्यातला सूर, म्हणजे लाड, राग, चेष्टा, टोमणा, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचणं, शब्दाच्या मागे दडलेला अर्थ, यात उजव्या भागाचा वाटा मोठा. काकांच्या त्याच भागाला मार बसलाय. शब्द राहिले, सूर गेला."

"म्हणजे यांना आतून काही वाटतच नाही?" वहिनीने भीत भीत विचारलं.

"ते त्यांनाच विचारा ना. मात्र सरळ विचारा. आडून नको, टोमणा नको."

वहिनी नवऱ्याकडे वळली. असं सरळ काही विचारायची दोघांना सवयच नव्हती. "अहो, पोरीचा फोन आला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

तो त्याच सपाट आवाजात म्हणाला, "छाती फुटेल असं वाटलं. ओरडावंसं वाटलं. मास्तरांना मिठी मारावीशी वाटली, पण ते दुकानात नव्हते."

वहिनी बघतच राहिली. तो पुढे म्हणाला, "मला आनंद झाला हे मी तिला सांगितलं. चांगली गोष्ट आहे, म्हणालो. तरी तू रडलीस. का ते मला कळेना. म्हणून दोऱ्याचं विचारलं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत काही?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर नाराज आहात. दवाखान्यातून आल्यापासून तू कोरडं बोलतेस. मास्तर कोरडं बोलतात. पोरगीसुद्धा. सगळे बातम्या वाचल्यासारखे. मी म्हटलं, आजारी माणसाचा कंटाळा आला असेल यांना. उगीच जास्त बोलून त्रास कशाला द्यायचा."

हे सगळं त्याने धोब्याला कपडे मोजून द्यावेत अशा आवाजात सांगितलं. आणि वहिनीच्या उरावरचा धोंडा गडगडत खाली गेला. ती रडायला लागली, रडता रडता हसायला लागली, आणि तो गोंधळून स्पीचवालीकडे पाहून म्हणाला, "आता हे कोणतं?"

"दोन्ही, काका," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "हळूहळू सुधारेल. पहिल्यासारखं होईलच असं नाही सांगत. पण सुधारेल."

दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच वहिनीने लेकीला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "तिला शब्दांत सांगा. आवाजावर सोडू नका."

"मी बाबा बोलतोय," तो म्हणाला. "माझा आवाज बिघडलाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नको. शब्द ऐक. मला इतका आनंद झालाय की जेवण गोड लागत नाही. नाही, जास्त गोड लागतं. नक्की कसं म्हणतात ते आठवत नाही. तू समजून घे."

पलीकडून मोठा रडण्याचा आवाज आला. त्याने फोनवर हात ठेवून बायकोला विचारलं, "वाईट वाटलं का तिला?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "चालू द्या."

त्यानंतर घरातल्या बोलण्याची रीतच बदलली. तो सकाळी म्हणायचा, "मी आज वैतागलोय, पण तुझ्यावर नाही." ती म्हणायची, "मी आता रागावून बोलणार आहे, तयार राहा." सुरुवातीला दोघांनाही लाजल्यासारखं झालं. मग वहिनीच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला 'तू मला आवडतेस' हे शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. आता तो चहा पिता पिता सांगत होता, दूध संपलंय हे सांगावं तसं. तिची काही तक्रार नव्हती.

मास्तरांनी गावभर खरी गोष्ट सांगितली आणि आपल्या वळणदार अक्षरात दुकानात एक पाटी लावून दिली: 'येथे विनोद करण्यापूर्वी सूचना द्यावी.' लोक ती वाचून हसत, बसत, आणि सूचना देऊन विनोद करत. बाक पुन्हा भरला.

स्पीचवालीने अभ्यास दिला होता. एकच वाक्य रोज वेगवेगळ्या सुरांत म्हणायचं. तो आरशासमोर उभा राहून म्हणायचा आणि वहिनीने मशीनवरून ओळखायचं.

"दार उघड."

"रागावलात?"

"नाही. लाडात आलोय."

वहिनी इतकी हसायची की हातातली शिवण वाकडी जायची. कधी उलट व्हायचं, ती बोलायची आणि तो ओळखायचा. आधी दहातलं एखादं जमायचं, मग बरीच जमू लागली. आवाजाची रेघही कुठे कुठे किंचित लवू लागली, मुख्यतः मास्तर आले की.

सातवा महिना लागला तेव्हा लेक माहेरी आली. आल्या आल्या तिने बाबांना मिठी मारली आणि बाबांनी "मला रडू येतंय" असं जाहीर करून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तिने हट्ट धरला की केस बाबांकडूनच कापून घेणार. लहानपणापासून तेच कापायचे. तो मन लावून कापू लागला. गिऱ्हाईक नव्हतं. पार्टिशनपलीकडे वहिनी एका स्कर्टला चेन लावत होती.

बऱ्याच वेळाने लेकीने आरशात पाहिलं. एक बाजू दुसरीपेक्षा चांगली बोटभर आखूड झाली होती.

"वा, बाबा!" ती म्हणाली. "किती सुंदर कापलेत!"

कात्री थांबली. वहिनीचं मशीनही थांबलं.

"हे खरं आहे की टोमणा?" त्याने विचारलं.

"टोमणा," लेक हसू दाबत म्हणाली.

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि दुसरी बाजू कापायला घेतली.