कप्तानाचा हात

हेस्टरच्या डोळ्यांना अक्षरे दिसेनाशी झाल्यापासून संध्याकाळच्या चहानंतर तिला कादंबरी वाचून दाखवण्याचे काम तिच्या नवऱ्याने, क्लेमेंटने, आपणहून अंगावर घेतले होते. तिच्या आवडीच्या कादंबऱ्या एकाच जातीच्या असत: धुक्यात बुडालेले शहर, गॅसचे दिवे, वाफेवर उडणारी पितळी जहाजे आणि त्यांत एकमेकांवर जीव जडलेली माणसे. क्लेमेंटची उमेदीची वर्षे इंग्लंडातल्या लँकशायरच्या सूतगिरण्यांचे बॉयलर तपासण्यात गेली होती. असली जहाजे उडणे शक्य नाही, हे त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले. तुझ्याशी लग्न करणेही शहाणपणाचे नव्हते, असे म्हणून तिने त्याला पुढे वाचायला लावले.

या वेळच्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात मात्र तो अडला. जहाजाच्या कप्तानाची प्रेयसी, घड्याळे दुरुस्त करणारी ऑगस्टा, वादळात सापडली होती; तिच्यापर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी जादा वाफ हवी म्हणून कप्तानाने बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफ सुटू नये असे वजन त्यावर टांगले. असे टांगलेले वजन क्लेमेंटने एकदा खरोखर पाहिले होते, स्फोटानंतरच्या ढिगाऱ्यात, दोन प्रेतांशेजारी. ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. त्याने कप्तानाला वजन काढायला लावले, आग मंद करायला लावली आणि उशिरा का होईना, सुखरूप उतरवले.

पुढची प्रकरणे मग त्यालाच रचावी लागली. कप्तान नियमाने वागत राहिला आणि हेस्टर जांभया देऊ लागली.

शनिवारी गावातल्या गिरणीच्या जुन्या इंजिनापाशी या कादंबऱ्यांच्या वेड्यांचा मेळावा भरला. शेजारीण बेरिल उंच टोपी आणि पितळी गॉगल चढवून आली होती. स्फोटात जळालेला कप्तानाचा हात आणि ऑगस्टाने रात्रंदिवस खपून त्याला घडवून दिलेला पितळी हात, यांविषयी ती भरभरून बोलली. हेस्टरने नुसती मान डोलावली. घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही.

“हात कुठे गेला, क्लेम?”

“बॉयलर फुटला असता गं.”

“फुटू द्यायचा होतास. आयुष्यभर पायरी सांभाळ, रस्ता सांभाळ, हेच ऐकत आले. त्या पुस्तकात कुणीतरी कुणासाठी वेडेपणा करतं. तेवढ्यासाठीच ऐकते मी. तू त्यालाही तपासनीस करून ठेवलास.”

यापुढे बेरिल वाचेल, असे तिने सांगितले. क्लेमेंटने एका संध्याकाळची मुदत मागितली.

रविवारी त्याने नववे प्रकरण पुन्हा उघडले. वजन टांगले गेले, दाबाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला, लोखंड फाटले. त्याने एकही शब्द गाळला नाही. कप्तान जळत्या हाताने सुकाणू धरून राहिला, तिथे प्रकरण संपले.

हेस्टरने त्याच्याकडे मान वळवली.

“हे पुस्तकातलंच आहे ना?”

“शब्दन् शब्द.”

तिने त्याच्या हातातून पुस्तक घेतले, पानावरून बोटे फिरवली आणि ते मिटून आपल्या मांडीवर ठेवले.

“शब्दन् शब्द आहे का, ते उद्या बेरिलला विचारते,” ती म्हणाली.