रिकामा परत येणारा डबा

मित्रांनो, तुम्ही मला फळीवर पालथा पडलेला पाहता आणि भंगार समजता. समजा खुशाल! मी चार पुडांचा पितळी डबा आहे, भंडाऱ्याच्या कारागिराने ठोकून घडवलेला. माझी कडी अजून घट्ट बसते, हे आधीच सांगून ठेवतो.

कामठीचा रुपराव मागावर लुगडी विणायचा. त्याच्या लग्नात मी आंदण आलो. बारा वर्षे मी त्याच्याबरोबर कारखान्यात गेलो. भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, सगळे तो चाटूनपुसून खायचा. त्याची बायको इंदूबाई मला चिंचेने घासायची आणि दिवाळीआधी न चुकता कल्हई करून घ्यायची. माझ्याइतका लाडका डबा त्या आळीत दुसरा नव्हता.

मग चौऱ्याहत्तर साली रुपरावचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. दारूला कधी न शिवलेला माणूस, तरी लोक नको ते बोललेच. यकृत पार खराब झाले म्हणून त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवले. डॉक्टरीणबाई सुहासिनी यांनी मीठ बंद केले आणि पोटभर जेवायला सांगितले. इंदूबाई रोज सकाळच्या बसने मला घेऊन यायची आणि संध्याकाळी परत न्यायची.

पहिले आठ दिवस मी भरलेलाच परत गेलो. रुपराव दोन घास खायचा आणि ताट सारायचा. इंदूबाईला वाटले, आपल्या हाताची चवच गेली. कधी ती रडायची, कधी त्याच्यावर चिडायची. रोज नवी भाजी करायची, तीही तशीच परत यायची.

नवव्या दिवशी मी रिकामा परत गेलो. पुढे रोजच! इंदूबाई हरखली. आळीत मला उघडून दाखवायची. काट्यावर रुपरावचे वजनही तीन किलो वाढले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, तर तिने ठसक्यात सांगितले की डबा लख्ख रिकामा येतो. त्यांनी रुपरावच्या काडीसारख्या दंडाकडे पाहिले आणि मग पुन्हा काट्याकडे.

खरे मला ठाऊक होते. शेजारच्या खाटेवर काटोलकडचे आनंदराव होते. टायफॉइडमधून उठलेले, भूक अशी की दगड पचवतील, आणि डबा आणणारे कोणी नाही. इंदूबाई औषधे आणायला खाली गेली की रुपराव मला त्यांच्याकडे सरकवायचा. खोटे माझ्याच पोटातून रोज कामठीला जात होते आणि मी मात्र कौतुक करून घेत होतो. लाज वाटते हो सांगायला.

महिन्याभराने आनंदरावांना सुट्टी मिळाली. जाताना ते इंदूबाईच्या पाया पडले. "वहिनी, बिनमिठाची होती, पण तुमच्याच भाकरीनं मले पायावर उभं केलं जी."

इंदूबाई रुपरावच्या खाटेकडे वळली. त्याला म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?"

"तू रडत होती वं," रुपराव म्हणाला. "घास पाहिला की पोट आधीच भरून येते. भूक कशी लागते, तेच आठवत नाही मले."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना जवळ बसवून समजावले. वाढलेले वजन पोटातल्या पाण्याचे होते. त्याआड अंगावरचे मांस झडत चालले होते. "भुकेचा निरोप शरीरच देतं," त्या म्हणाल्या. "यकृत बिघडलं की तो कुठेतरी अडतो. कुठे, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. पण हा रुसवा नाही, आणि तुमच्या हाताची चवही गेली नाही, बाई." मग त्यांनी दर दोन तासांनी चार-चार घास द्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून इंदूबाईने माझे फक्त वरचे लहान पूड आणले. त्यात मऊ भात आणि वरण. संध्याकाळी मी अर्धा भरलेला परत गेलो. तिने झाकण उघडले, उरलेला भात पाहिला आणि म्हणाली, "अर्धा गेला, खरंच गेला." त्या दिवशी ती रडली नाही.

रुपराव आणखी सात महिने जगला. तो महिना खोटेपणात गेला नसता, तर आणखी जगला असता का? मला माहीत नाही. कल्हई उडाली तरी हा प्रश्न माझ्या तळाशी तसाच आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातला आजारी माणूस जेवत नसेल तर त्याच्यावर चिडू नका, रडून त्याला खोटे बोलायला लावू नका. "जात नाही" म्हणाला, तर तेवढे ऐकून घ्या आणि डॉक्टरांना खरे सांगा. आणि कधी मला पुन्हा दवाखान्यात नेलेत, तर मी भरलेला परत येईन, चालेल. तसा रिकामा मात्र मला पुन्हा यायचे नाही.