माझ्या अंगावरचे सरळ पट्टे

मी दीपस्तंभ. समुद्रावरचा नव्हे, शोकेसमधला. माझ्या गळ्यात पहिल्या नंबरचं पदक अडकवलंय आणि ते मला टोचतं. पाहुणे येतात, वाहवा करतात, आणि मी आतल्या आत धुमसतो. आज मात्र बोलणार आहे.

या घरातल्या मुलीने मला शाळेच्या प्रदर्शनासाठी करायला घेतलं. तिचे बाबा चपलांच्या दुकानात कामाला. त्यांनी रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा आणला. फरशीवर पालथी पडून तिने तो उघडलेल्या घडीच्या पंख्यासारखा कापला, त्यावर फूटपट्टीने लाल पट्टे ओढले, रंगवले, आणि मग गुंडाळून वर निमुळता होणारा मनोरा केला. पाण्याच्या बाटलीचा तुकडा कापून दिव्याची खोली केली. आगपेटीच्या काड्यांचा कठडा. खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे खडक. आत टॉर्चचा बल्ब. माझ्या अंगावर तिच्या बोटांचे ठसे होते आणि मला त्यांचा माज होता.

गुंडाळल्यावर पट्टे वाकडे झाले. पुढून वर चढलेले, मागून खाली उतरलेले.

बाबा घरी आले, बघून म्हणाले, "अगं, हा तर झिंगलाय. जहाजं कसली वाचवतोय, यालाच कोणीतरी घरी सोडा."

मुलगी खो खो हसली. "बाबा, माझं चुकलं कुठे माहितीये? पुठ्ठा सपाट होता तेव्हाच मी पट्टे ओढले. आधी गुंडाळायला हवा होता. पण बघा ना, लाटांसारखे दिसतात. राहू दे असेच."

ऐकलंत? चूक तिची, ती शोधली तिने, आणि तिला ती आवडलीही. मला वाटलं, झालं, आपला जन्म सार्थकी लागला.

आई मात्र हसली नाही. ती पोळपाट पुसत राहिली. "चार लोकांत नाक कापलं जाईल," एवढंच पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली आणि आईने मला ओट्यावर घेतलं. वरून पांढरा कागद डकवला. चिकटपट्टी लावून नवे पट्टे आखले, एकदम सरळ. काड्यांचा कठडा उपटून केरात टाकला आणि त्या जागी सोनेरी लेस लावली. दीपस्तंभाला लेस! मी काय ब्लाउजची बाही आहे? मध्येच दोनदा दाराकडे बघितलं तिने, हेही सांगतो. पण थांबली नाही.

मुलगी घरी आली. दप्तरही न उतरवता माझ्याकडे बघत राहिली.

"छान झालाय ना?" आईने विचारलं.

"हं," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

प्रदर्शनात माझ्या शेजारी एक पूल होता. मी त्याला विचारलं, "तुला कोणी केलं?"

"सुताराने. तुला?"

"आईने."

"मग बरंय की. घरातलंच माणूस."

शाळेच्या बाई आल्या, वाकून बघितलं, मुलीला म्हणाल्या, "पट्टे इतके नेमके कसे गं काढलेस?"

मुलीने आईकडे पाहिलं. तेवढ्यात आईच बोलली, "सगळं तिचंच हो. मी हातसुद्धा लावला नाही."

मुलीचे कान लाल झाले. जे खरंच तिचं होतं, ते तिला आता सांगताही येईना. टाळ्या वाजल्या, पदक मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसा मी त्या टेबलावर बसलो होतो. फरक एवढाच की बिळात मला बळेच कोंबलं होतं.

आता शाळेने पवनचक्की करायला सांगितलीये. बाबांनी पुठ्ठा आणून ठेवला, त्याला कोणी शिवलं नाही. आज आई म्हणाली, "अगं, बस ना करायला."

मुलगी पलंगावर पाय हलवत होती. "तूच कर ना आई. तुझं चांगलं होतं."

रागाने म्हणाली नाही. सहज म्हणाली, पाणी दे म्हणावं तसं. माझा पुठ्ठा आतून तडकला.

अगं आई, तुझी माया मला दिसते. लोक पोरीला हसतील ही तुझी धास्तीही दिसते. पण कोण हसलं होतं? बाप हसला, पोरगी हसली. घर हसत होतं, तेच तू कागद डकवून बंद केलंस. तिची पवनचक्की फिरली नाही तर नाही फिरणार. ती का फिरली नाही, हे शोधायला तिच्याकडे डोकं आहे. होतं तरी.

आई कात्री घेऊन उभी आहे. मी काचेआडून ओरडतोय, ठेव ती खाली. तिला ऐकू जात नाही. तुम्हाला येतंय ना? मग निदान तुमच्या हातातली कात्री तरी खाली ठेवा.