समोरच्याची बाजू

विभावरीनं मंजिष्ठेच्या रंगाच्या कढईखालचा गॅस बंद केला आणि स्टूल ओढून वेंकोजीरावांसमोर बसली. भागीदारी मोडायचा कागद मध्ये पडला होता. कानडी मुलखातल्या हूटगळ्ळीच्या त्या शेडमध्ये आज दोघंच होते.

"सही करायच्या आधी एकदा ऐका. तुमची बाजू मी मांडते. 'हो, हेच' असं तुम्ही म्हणेपर्यंत माझी मांडणार नाही."

"सुब्बरावांच्या गच्चीवरचं काय हे?" वेंकोजीराव हसले. "दर रविवारचा तो न्यायशास्त्राचा वर्ग! सोडा हो, ताई. शास्त्र वाचून साड्या रंगत नाहीत."

"ऐकायला काय जातंय?"

पूर्वपक्ष, पहिल्यांदा

"झाडपाल्याचा रंग दर वेळी वेगळा उतरतो. गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. थोडा पुडीचा रासायनिक रंग मिसळला तर कटकट संपेल."

"खरं आहे. पण हे नाही."

पूर्वपक्ष, दुसऱ्यांदा

"तुम्ही रंगाऱ्याच्या घरातले. मी पुण्याहून आले, नोकरी सोडली, वाचून रंग शिकले, आणि आता तुम्हालाच शिकवते."

"अय्यो, हे सगळ्यांना गोत्तु, ठाऊकच आहे! त्यासाठी कोण वेगळा होतो?"

एरवी इथेच तिचा आवाज चढला असता. उत्तरं आठवडाभर तयार होती. पण नियम म्हणजे नियम. तिची नजर त्यांच्या हातांकडे गेली. बोलता बोलता त्यांनी साड्यांच्या टॅगचा गठ्ठा उचलला होता आणि छापील बाजू खाली करून ठेवला होता.

पूर्वपक्ष, तिसऱ्यांदा

"टॅगवर मी छापलंय, 'विषारी रंगांपासून मुक्त'." ती थांबत थांबत बोलू लागली. "तुमच्या अप्पांनी जन्मभर पुडीचेच रंग वापरले. त्यावर घर चाललं, तुम्ही शिकलात. आणि आपण दर साडीबरोबर सांगतोय, की ते लोकांना विष नेसवत होते."

वेंकोजीरावांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून बसले.

"हो," ते म्हणाले. "हेच. अष्टे, एवढंच."

उत्तरपक्ष

आता तिची पाळी. सगळ्यात पक्कं उत्तर जिभेवर होतं. अप्पा त्याच रंगांच्या वाफेत उभे राहून खोकत खोकत गेले, डॉक्टरांनी रंगांकडेच बोट दाखवलं होतं. वेंकोजीरावांनीच कधीतरी सांगितलेलं. गच्चीवर या उत्तराला सगळ्यांनी मान डोलावली असती.

तिनं टॅगचा गठ्ठा उचलून सुलटा केला.

"टॅगवरचे शब्द काढू. साडी कशात रंगवली तेवढंच लिहू. पुडीचा रंग मात्र मी मिसळू देणार नाही."

बाहेर एक बस हॉर्न देत गेली. वेंकोजीरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अप्पांच्या खोकल्याचं बोलला नाहीत."

"नाही."

"मी वाट बघत होतो. बोलला असतात, तर सही सोपी झाली असती."

ते उठले. धुवायच्या हौदातली साडी त्यांनी वर ओढली, पाणी निथळू दिलं आणि एक टोक तिच्याकडे टाकलं.

"धरा की, ताई. एकट्याला पिळता येत नाही."