मास्तर येऊ देत

हरिश्चंद्र मास्तरांच्या हातात दोन तारा एकदमच पडल्या. १९८४ सालचा श्रावण होता. भोरवडे हे पुणे-मिरज मार्गावरचं लहान स्टेशन. तिथे तारघर नव्हतं. शेजारच्या गावाहून पोस्टमन तार घेऊन येई, आणि मधल्या ओढ्याला पाणी चढल्यामुळे तो आदल्या दिवशी येऊ शकला नव्हता.

मास्तरांनी वरची तार फोडली. "बकुळा वारली. ताबडतोब निघा." मग खालची फोडली. ती आदल्या दिवशीची होती. "बकुळा अडली. चिपळूणला न्यायची का, कळवा."

ते खुर्चीत बसले. तेवढ्यात पुढच्या स्टेशनाने गाडी सोडायला फोनवर लाईन मागितली. मास्तरांनी ती दिली.

रामा पॉइंट्समन दारात आला. "घरी बरं हाय न्हवं, साहेब?"

"पॅसेंजर येतेय. सिग्नल पाड," मास्तर म्हणाले.

गाडी आली. एकेरी रूळ असल्यामुळे परवान्याचा लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नसे. चामड्याच्या पिशवीतला तो गोळा मास्तरांनी स्वतः नेऊन दिला, हिरवा बावटा दाखवला, गाडी गेली. बदली माणूस संध्याकाळी आला. तोवर स्टेशन सोडता येत नव्हतं. मास्तर तिथेच बसून राहिले आणि रामाने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

मास्तरांचं गाव पालेकोंड. वेळणेश्वरच्या समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीतली वाडी. वाडीतले बरेचसे पुरुष मुंबईला. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा रूळ नव्हते, त्यामुळे "आमच्याकडं गाडी नाय, पन मास्तर हाय," असं वाडीतले लोक चेष्टेने म्हणत. मास्तरांची बायको बकुळा लग्नानंतर बरीच वर्षं भोरवड्याच्या क्वार्टरमध्येच राहिली. मूल होत नव्हतं. यंदा दिवस गेले तेव्हा दोघांनाही खरं वाटेना. तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपणाला ती सासरी आली होती. येताना स्टेशनवरच्या कुंडीतला मोगरा तिने रामाच्या बायकोच्या स्वाधीन केला आणि म्हणाली, "परत येईपर्यंत वाळला तर बघ."

मास्तर कुंभार्ली घाट उतरून घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मूलही पोटातच गेलं होतं. पडवीत माणसं बसली होती. आईने त्यांना पाहून हंबरडा फोडला. चुलते केरूतात्या उठून जवळ आले आणि पुतण्याला मिठी मारून रडले. ते रडणं खरं होतं. बाप गेल्यावर हरिश्चंद्राला आणि धाकट्या सदूला त्यांनीच वाढवलं होतं.

झालं काय, ते मास्तरांना गोदाने सांगितलं. गोदा म्हणजे सदूची बायको. सदू मुंबईला गोदीत. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची तिला सवय नव्हती. मागल्या दारी ती राखेने टोप घासत होती, तशीच पाठमोरी राहून बोलली.

"सुईन चिमाकाकू म्हणाली, माझ्या हातचं नाय हे. चिपळूनला न्या. खंडू नि जानू डोली घेऊन आले. खळ्यात ठेवलीपन. मग तात्या म्हणाले, मास्तर येऊ देत."

"का?"

"पोट फाडतील म्हणाले तिकडं. मालकाला न विचारता कसं न्यायचं? उद्या काय झालं तर जबाब कोन देनार?"

"आणि ती? ती काय म्हणाली?"

गोदाचा हात थांबला. "ताई म्हणाल्या, मी देते जबाब. मी सांगते, मला न्या."

"मग?"

"मग कोन काय बोललंच नाय. आये म्हणाली, गप रव बाय, थोरली मानसं बोलतायत."

डोली उचलायला माणसं होती. त्यातला खंडू तार करायला गुहागरला गेला. चिपळूणची वाट त्याच्या नेमकी उलट्या बाजूला. बाकीचे पडवीत उत्तराची वाट बघत बसले. बकुळा दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. सगळे म्हणतात की शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

तेराव्याला जेवणं झाली. पुरुष खळ्यातल्या मांडवात पानसुपारी घेत बसले होते. मास्तर इतके दिवस कोणाला काही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तात्या, तिला का नेलं नाहीत?"

"तुला तार केली ना रे."

"ती सांगत होती, न्या म्हणून."

"बाईमानूस वेणा खाताना काय बी बोलतं. ते काय धरून चालायचं असतं?" तात्या समजावण्याच्या सुरात म्हणाले. "तू शिकलेला. तूच सांग. तुझ्या बावट्याबिगर गाडी सुटते काय? घराचंपन तसंच हाय. धन्याच्या माघारी घरातलं काय हलवायचं नसतं."

दोनचार जणांनी माना डोलावल्या. जानू म्हणाला, "तात्या बरोबर बोलतायत हो मास्तर. आमी ती सांगते म्हणून नेलं असतं नि तिकडं काय झालं असतं तर तुमीच आमाला उभं केलं असतं."

मास्तर म्हणाले, "मी सुटीवर गेलो तर स्टेशन बंद पडत नाही, तात्या. जो ड्युटीवर असतो तो बावटा दाखवतो. तो काल लागलेला असला तरी त्याच्या बावट्यावर गाडी सुटते. त्याला कोणी म्हणत नाही, मोठे मास्तर येऊ देत. त्या दिवशी इथं ड्युटीवर बकुळा होती. जीव तिचा होता, पोट तिचं होतं. तिने बावटा दाखवला. तुम्ही बघितला नाहीत."

बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "दुखात हाय, बोलू दे." मास्तरांना ते ऐकू गेलं. त्यांना वाटलं होतं की भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लोक त्यांची कीव करत उठले आणि आपापल्या घरी गेले.

भाद्रपदात सदूचं मास्तरांना पत्र आलं, त्यात गोदाला दिवस गेल्याचं होतं. माघाच्या शेवटी ती मोकळी होणार होती. मास्तरांनी साठवलेली रजा काढली आणि त्या सुमाराला घरी येऊन राहिले. आईला वाटलं, पोराचं मन घरात रमायला लागलं. तिने दुसऱ्या लग्नाचा विषयही काढून पाहिला. "मंडणगडाकडची एक हाय. हौसा नाव. गरिबाची हाय, पन कामाला खमकी." मास्तर पेजेच्या ताटलीवरून उठून गेले. पुन्हा तिने विषय काढला नाही.

मास्तरांच्या मनात एकच गोष्ट होती. त्यांनी ती गोदाला आल्या आल्याच सांगितली, आईच्या समोर. "वेळ आली आणि चिमाकाकूने हात वर केले, तर तू सांगायचं. मला विचारायचं नाही, आयेला नाही, तात्यांना नाही. तू न्या म्हणालीस की डोली उचलायची. खंडूला आणि जानूला मी सांगून ठेवतो."

"व्हय, भाऊजी," गोदा म्हणाली.

खंडू-जानूंनीही मान हलवली. मास्तरांना वाटलं, एवढं तरी झालं. बकुळेच्या मागे एवढं तरी.

एका दुपारी गोदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. चिमाकाकू बराच वेळ आत होती. मग पदराने हात पुसत पडवीत आली आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. हिलापन चिपळूनच दाखवा."

डोली खळ्यात आली. खंडू, जानू आणि आणखी दोघे काठीपाशी उभे राहिले. चौघे मास्तरांकडे बघत राहिले.

मास्तर माजघराच्या दाराशी गेले. "गोदा, सांग. न्यायचं?"

गोदाने सासूकडे पाहिलं. सासूने पडवीतल्या तात्यांकडे पाहिलं. तात्या खाली बघत होते. या वेळी त्यांनाही बोलायचं नव्हतं.

"गोदा, तू म्हणालीस की उचलतात. दोन शब्द बोल."

गोदाला कळ आली. तिने दाराची चौकट घट्ट धरली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "तुमी सांगा भाऊजी."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"मी कशी सांगू? मी सांगितलं नि काय झालं तर... ताईंनी सांगितलं व्हतं. कोनी ऐकलं?"

खंडूने काठी खांद्याला लावून पुन्हा खाली ठेवली. चिमाकाकू दोघांच्या मध्ये आली आणि मास्तरांना म्हणाली, "शाळा मागनं घ्या, मास्तर. बाई मरल."

मास्तर म्हणाले, "उचला."

चौघांनी लगेच डोली उचलली. शिवेपर्यंत ते जवळजवळ धावत गेले. तिथून रस्त्यावर एका लाकडाच्या ट्रकवाल्याने त्यांना चिपळूणपर्यंत घेतलं. ऑपरेशन झालं. मुलगा झाला. गोदा वाचली.

वाडीत सगळे म्हणत, "मास्तर व्हते म्हणून वाचली." आईने देवाला नारळ दिला. तात्यांनी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, धनी घरात असला की कसं असतं." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

रजा संपली. निघायच्या दिवशी मास्तर गोदाला भेटायला आत गेले. ती बाळाला पाजून निजली होती, ती उठून बसायला लागली. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"मी नसतो तर काय केलं असतंस?"

गोदाने बाळाचं दुपटं सारखं केलं. "तार केली असती," ती म्हणाली.

मास्तर भोरवड्याला परत गेले. गोदा जगली याचा त्यांना आनंद झाला नाही असं नाही. पण ती त्यांच्या तोंडच्या शब्दावर जगली, आणि बकुळा त्याच शब्दाची वाट बघत गेली, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. पालेकोंडात आजवर एकही बाई स्वतःच्या सांगण्यावरून दवाखान्यात गेलेली नाही. वाडीत यंदा आणखी दोघी पोटुशी आहेत. दोघींचे नवरे मुंबईला असतात. त्यांना न्यायला कोणी सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.